शेवटचे दोन फूट

६ ऑक्टोबर २०२४, रविवार

सोयाबीन सोंगून झालं. गंजीवर ताडपत्री. थ्रेशर मंगळवारी मिळेल म्हणतात. हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल. बाजारात त्या आकड्याचं नाव कोणी काढत नाही.

मावसभाऊ नागपूरहून आला, अमेरिकेतल्या दादाचं खोकं घेऊन. चार तुकड्यांची काठी, रील, पिवळी जाड दोरी. प्लास्टिकच्या पाकिटांत वेटोळं केलेलं पारदर्शक तंगूस, वर लिहिलेलं: ९ फूट, ५ एक्स. गळ आधी दिसलेच नाहीत. मग एका डबीत सापडले, पिसं आणि दोरा गुंडाळलेले, नखाएवढे.

ही म्हणाली, ‘‘एवढं सगळं पाठवलं, आणि चिठ्ठी नाही?’’

नव्हती.

८ ऑक्टोबर

थ्रेशर आला नाही.

९ ऑक्टोबर

आला. रात्री साडेअकरा वाजले. नाकातोंडात भुसा.

१२ ऑक्टोबर, दसरा

पूजेत विळा, पावडं, माझं स्क्रू गेज. लेकीनं काठीही नेऊन ठेवली, कुंकू लावून. सोनं वाटायला आलेल्या प्रत्येकानं विचारलं, हे काय. ‘मासे धरायची अमेरिकन काठी’ एवढं सांगून सुटलो.

१३ ऑक्टोबर, रविवार

दादाचा फोन सव्वासहाला. तिकडे शनिवारची रात्र.

बराच वेळ दोरीबद्दल. आपल्या साध्या गळाला शिसं असतं, ते दूर जातं आणि दोरी त्याच्यामागे ओढली जाते. इथं उलटं आहे. पिसाच्या गळाला वजनच नाही, वजन दोरीत. पाच नंबरच्या दोरीचे पहिले ३० फूट साधारण ९ ग्रॅम भरतात. फेकायची ती दोरी, गळ नुसता तिच्यासोबत जातो. आणि ही जाड पिवळी दोरी थेट माशाच्या डोक्यावर पडली तर मासा कशाला थांबतो! म्हणून मध्ये लीडर, जाडाकडून बारकाकडे जाणारा. लीडरच्या टोकाला टिपेट, सगळ्यात बारीक. गळ टिपेटला.

‘‘लीडर संपत नाही, टिपेट संपतं,’’ दादा म्हणाला. प्रत्येक वेळी गळ बदलला की चार बोटं कापलं जातं. टिपेट नवीन जोडायचं, लीडर वर्षभर टिकतो.

मग: ‘‘शेताचं काय ठरवलंस?’’

‘‘सोयाबीन निघालं.’’

‘‘ते नाही विचारलं.’’

‘‘मळणीही झाली.’’

१५ ऑक्टोबर

शेवटचा तास मोकळा. शाळेच्या प्रयोगशाळेत लीडर टेबलावर ताणला, दोन्ही टोकांना क्लॅम्प. दर ३० सेंटिमीटरला पेननं खूण. स्क्रू गेजचं लघुत्तम माप ०.०१ मिलिमीटर, त्यामुळे काम होतं.

जाड टोक ०.५३. पुढं ०.५३. पुढं ०.५२. अर्ध्यापर्यंत जवळजवळ काहीच उतरत नाही. मग मधल्या दोन-अडीच फुटांत सगळा उतार: ०.४४, ०.३१, ०.२०. शेवटचे दोन फूट सरळ ०.१५. जोड कुठंच नाही. एकाच धाग्याला कारखान्यातच असा उतार दिलेला. बोट फिरवलं तर कळत नाही, रॅचेट टकटक वाजला की कळतं.

चपराशी दारात उभा. ‘‘सर, केस मोजून राह्यले का?’’

पाकिटावरच्या एक्सचा हिशोब दादानं दिलेला. अकरातून एक्स वजा करा, उरेल ती जाडी इंचाच्या हजारांशात. ५ एक्स म्हणजे ६ हजारांश इंच, म्हणजे ०.१५ मिलिमीटर. गेज तेच म्हणतो. ० एक्स ०.२८. ३ एक्स ०.२०. आकडा वाढला की दोरी बारीक. पोरांना हे दिलं तर निम्मी उलटं लिहितील.

ताकद जाडीच्या वर्गानं जाते. ०.२० आणि ०.१५ मध्ये फरक दिसायला एवढासा, क्षेत्रफळ काढलं तर पावणेदोन पट. दहावीच्या पोरांना उदाहरण म्हणून द्यावं.

१६ ऑक्टोबर, कोजागरी

दूध आटतंय तोवर मैदानावर. गळाऐवजी लोकरीचा लाल तुकडा.

आधी लीडर न लावता, पिवळ्या दोरीलाच लोकर. धपकन पडते. मग ०.१५ चा नुसता धागा दोरीला बांधून. दोरी सरळ जाते, पुढं धागा गोळा होऊन पडतो. जोर तिथवर येतो आणि थांबतो. मग खरा लीडर. दोरीची घडी हवेत उलगडत पुढं गेली, लीडरही तसाच उलगडला, लोकर सगळ्यात शेवटी, अलगद.

गडी बघत होता. काठी घेतली, फिरवली. म्हणाला, ‘‘हा तं आसूड हाय, भाऊ. मुठीकडं जाड, टोकाकडं बारीक.’’

अगदी तेच. मनगटाचा जोर पुढंपुढं कमी वजनाच्या दोरीत जातो, म्हणून मरत नाही. आसुडाला टोकाला कडाका हवा असतो. इथं तो कडाका नको, हवेनं खाऊन टाकायला हवा. म्हणून शेवटी दोन फूट बारीक.

गड्यानं दोन फेऱ्यांत माझ्यापेक्षा लांब टाकली. शंकरपटात जोडी हाकलेला हात.

१८ ऑक्टोबर

दुपारी सर आली, अर्धा तास. फुटलेल्या बोंडांचा कापूस काळवंडणार.

२० ऑक्टोबर, रविवार

गावतलाव. तलाव मत्स्य सोसायटीकडे, रोहू-कटला-मृगळ सोडलेले. अध्यक्षांना कालच विचारून ठेवलं होतं. ‘‘गळ टाका. जाळं नाही. रोहू लागला तं सोडून द्या.’’ कबूल.

पाणी गढूळ. बेशरमाच्या झुडपांतून वाट. भोई काका आधीच बसलेले, बांबूची काठी, ज्वारीच्या धांड्याचा तुकडा पाण्यावर. दादा आणि मी असंच बसायचो. धांडा बुडाला की ओढायचं. ओढायचा नेहमी तोच.

काकांनी माझं टिपेट दोन बोटांत धरून बघितलं.

‘‘मास्तर, येवढ्याशा तंगुसानं काय धरता? मासोळी हासन तुमच्यावर.’’

मग स्वतःच: ‘‘जाड असंल तं तिले दिसते. बारीक असंल तं तुटते. मंग काय करान?’’

उत्तरही त्यांचंच. पाणी असं लाल असलं की जाड चालतं. दिवाळीनंतर निवळलं की एकेक नंबर बारीक. पुस्तकात हेच चार पानांत असतं.

त्यांची दोरी बघायला मागितली. मूळ तंगूस जाड. गळाजवळ हातभर दुसरं, त्याहून बारीक, गाठ मारून. का?

‘‘खडकात अडकलं तं गळ जाते. बाकी वाचते.’’

घरी आल्यावर दादाला एवढंच लिहिलं: टिपेट इथं आधीपासून आहे.

२१ ऑक्टोबर

दादानं उत्तर दिलं नाही. म्हणजे वाचलं, खूण आली.

२५ ऑक्टोबर

निवडणुकीचं प्रशिक्षण. दिवसभर यंत्र, नमुने, लिफाफे. मागच्या बाकावर टिपेटच्या दोन तुकड्यांना ब्लड नॉटची गाठ मारून बघितली. शेजारचे सर म्हणाले, यालाही फॉर्म आहे का?

२७ ऑक्टोबर, रविवार

फोन. गाठी.

ब्लड नॉट म्हणजे दोन धागे एकमेकांवर ठेवायचे, एकाचे पाच वेढे दुसऱ्यावर, दुसऱ्याचे पाच पहिल्यावर, दोन्ही टोकं मधल्या फटीतून उलट दिशांनी. ओढण्याआधी थुंकी. कोरडी गाठ ओढली की घासून गरम होते, आणि नायलॉनला ती उष्णता सोसत नाही. तानकाट्यावर ओढून बघितलं. कोरडी गाठ दर वेळी आधी गेली.

दोन धाग्यांच्या जाडीत फार अंतर नको. इंचाच्या दोन हजारांशापर्यंत ठीक, आपल्या मापात ०.०५ मिलिमीटर. त्याहून जास्त असलं की जाड धागा बारकाला कापतो. अंतर जास्तच असेल तर सर्जन नॉट.

शेताबद्दल त्यानं एक वाक्य. हायवेकडची जमीन आत्ताच जाईल, पुढं कोण बघणार. मी म्हटलं, बघतो आहे ना. तो म्हणाला, तुझं नाही म्हणत, पुढचं म्हणतोय.

लेक पलीकडच्या खोलीत गणित करत होती. दार लोटून घेतलं.

१ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

पहिल्या वेचणीचा कापूस घरात. पूजा त्याच्यासमोरच. आखूड गाळ्यात ढीग, पोरं त्यात उड्या मारतात, ओरडून काही उपयोग नाही.

२ नोव्हेंबर

वेचणीच्या बाया चारलाच निघाल्या. २०१८ ला याच तारखेला रात्री बोराटीच्या जंगलात अवनी वाघीण मारली. त्याआधीची दोन वर्षं सूर्य कलला की या बाजूच्या शेतांत माणूस दिसत नसे. सवय राहिली आहे. नाल्यावर मीही सहानंतर थांबत नाही.

३ नोव्हेंबर, भाऊबीज

ताई पुसदहून आली. ओवाळलं. दोन पाट मांडले होते. दुसऱ्यावर सुपारी ठेवून ओवाळते, दरवर्षीप्रमाणे. ‘‘त्याचं काय म्हणणं आहे?’’ एवढंच विचारलं तिनं. मी काठी दाखवली.

१० नोव्हेंबर, रविवार

फोन तासभर उशिरा. तिकडे घड्याळं मागं गेली.

दादाचं घर कार्लाइलपासून जवळ. गावातून लेटॉर्ट नावाचा ओढा जातो, चुनखडीच्या झऱ्याचा. बारा महिने थंड आणि आरपार स्वच्छ. हिरव्या शेवाळ्यातल्या वाटांत ब्राउन ट्राउट उभे असतात आणि माणसाची सावली पडली तरी निघून जातात. तिथं लांब लीडर आणि ६ एक्स, ७ एक्स. ७ एक्स म्हणजे ०.१० मिलिमीटर. व्हिन्सेंट मारिनारो नावाचा माणूस याच काठावर पालथा पडून मासे वरचे किडे कसे बघतात ते बघायचा. त्याचं पुस्तक १९५० चं. तो ओढा नसता तर एवढ्या बारीक दोऱ्याच्या फंदात कोण पडलं असतं, दादा म्हणतो.

मी विचारलं, नायलॉनच्या आधी काय?

रेशीम. पण धागा नव्हे. स्पेनमध्ये मुर्सियाला रेशमाच्या अळ्या कोष विणण्याच्या बेतात आल्या की व्हिनेगरमध्ये टाकत. मग अळी फोडून तिची रेशमाची ग्रंथी दोन हातांनी ओढायची, तिची तार व्हायची. हातभरही लांब नाही. वाळवायची, घासायची, आणखी बारीक हवी असेल तर भोकाच्या पट्टीतून ओढायची. किती वेळा ओढली त्याचे हे एक्स. वापरण्याआधी भिजत घालायची, नाहीतर काडीसारखी मोडते. एकेक तुकडा गाठीनं जोडून लीडर. नायलॉन १९३५ ला कॅरदर्सनं ड्यू पाँटमध्ये केलं, १९३८ ला बाजारात आलं ते आधी दात घासायच्या ब्रशातून. मग मासेमारीची दोरी. अळ्यांचा धंदा काही वर्षांत बसला.

आरमोरीच्या सरांना शाळेत हे सांगितलं. ते हसले. त्यांच्या गावाकडे ढिवरच कोसा करतात. उन्हाळा संपला की जंगलात ऐनाच्या झाडांवर टसरच्या अळ्या सोडतात, पक्ष्यांपासून राखतात. आणि तेच लोक मासेही धरतात. ‘‘पण अळी फोडायचं कोणाच्या डोक्यात नाही आलं,’’ म्हणाले. त्यांच्या स्वरात किंचित अभिमान.

आज शेताचा विषय निघाला नाही.

१२ नोव्हेंबर

सीसीआयचं केंद्र. लांब धाग्याला हमीभाव ७,५२१. आर्द्रता ८ ते १२ टक्के. यंत्राचा काटा बारापलीकडे, गाडी परत. शेजारच्या व्यापाऱ्याला आर्द्रता लागत नाही, भावही लागत नाही.

वाटेत डोक्यात तेच. कापसाचा धागा भिजला की जास्त मजबूत होतो. नायलॉन भिजलं की पाणी पितं आणि कमजोर होतं. भोई काकांच्या वडिलांचं जाळं सुताचं होतं. ‘‘दररोज वाळवा लागे, नाहीतं सडे,’’ असं परवा म्हणाले. मजबूत, पण सडणारं. आणि हे कमजोर, पण न सडणारं.

१७ नोव्हेंबर, रविवार

न सडणारं. सकाळी तलावाच्या सांडव्याजवळ वंचक, बसलेला, आपण जवळ गेलो तरी उडेना. उडायला गेला आणि झुडपालाच लटकला. पायाला तंगूस. कोणीतरी तोडून फेकलेलं, वीतभरच्या गुंत्यात तीन-चार फेरे, पायाच्या कातडीत रुतलेले. टॉवेल टाकून धरला. चोच डोळ्याकडे येते, काकांनी मान पकडली. माझ्या कात्रीनं एकेक फेरा. पिवळे डोळे, आवाज काही नाही. सोडल्यावर दोन पावलं लंगडला, मग समोरच्या काठावर जाऊन बसला. तिथंच होता आम्ही निघेपर्यंत.

काका खिशातून आगपेटी काढून दाखवतात. आत कापलेल्या टोकांचा गुंता. चुलीत टाकतात. ‘‘पोरायले सांगतो, आयकत नाही.’’

मी आजपासून फिल्मची जुनी डबी.

दादाला सांगितलं नाही. फोन छोटा होता. मुखत्यारपत्राचा मसुदा पाठवला आहे, म्हणाला, बघून घे.

१८ नोव्हेंबर

बघितला. इंग्रजी चांगलं आहे.

१९ नोव्हेंबर

ड्युटी वणीकडे. एसटीत साहित्य मांडीवर. केंद्र जिल्हा परिषद शाळेत, रात्री मुक्काम तिथंच. दिवे साडेनऊला गेले. टॉर्च उभी ठेवून ब्लड नॉट. बोटांना आता सांगावं लागत नाही.

२० नोव्हेंबर

साडेपाच वाजता मॉक पोल. सहानंतर यंत्रं सील. टॅग, दोरा, दोऱ्यावर लाख. घरी पोचायला पहाट.

२३ नोव्हेंबर

निकाल. गावात फटाके. मी झोपून.

२४ नोव्हेंबर, रविवार

हातानं लीडर बांधला. बाजारातलं तंगूस, जाडी रिळावर छापलेली. गेजनं पडताळली. छापलेली ०.३५, निघाली ०.३७. दुकानदाराला सांगण्यात अर्थ नाही.

चार्ल्स रिट्झचं सूत्र: ६० टक्के जाड, २० टक्के उतार, २० टक्के टिपेट. नऊ फूट म्हणजे २७० सेंटिमीटर धरले. ०.५० चे ९०, ०.४५ चे ७२. मग ०.४०, ०.३५, ०.३०, ०.२५ चे प्रत्येकी साडेतेरा. शेवटी ०.२० चे ५४. प्रत्येक तुकडा गाठीपुरता वीतभर जास्त कापायचा. उतार जिन्यासारखा दिसतो, पण दोरीला कळत नाही. संध्याकाळी मैदानावर सरळ उलगडला. गाठी काठीच्या कड्यांतून खडखडत जातात, तेवढंच.

खर्च: जवळजवळ काही नाही. अमेरिकन पाकिटावरची किंमत लेकीनं रुपयांत काढली आणि गप्प बसली.

गाठींचा फोटो दुपारीच दादाला पाठवला होता. पाच मिनिटांत फोन, तिकडे रात्रीचे दीड. ‘‘शेपटं आणखी जवळ काप. शेवाळं अडकतं.’’ झोपला नव्हता का विचारलं. नाही म्हणाला.

२८ नोव्हेंबर

थंडी. पोहणा गावाच्या बाजूला हायवेच्या पुलावरून वर्धा नदी बघितली. वाळूच्या पट्ट्यालगत तळ दिसायला लागला. दोन होड्या, जाळं काढताना.

१ डिसेंबर, रविवार

मरळ.

तलावाच्या उथळ कोपऱ्यात कमळाची पानं. मरळ श्वासाला वर येते, पाण्यावर नुसता एक बुडबुडा आणि गोल. काकांनी बोट दाखवलं. पिसाचा मोठा गळ त्या गोलाच्या पलीकडे टाकला, आखडत ओढला. तिसऱ्या आखडीला पाणी फुटलं. काठी मुठीपर्यंत वाकली. पानांच्या देठांत शिरली. दोरी घासल्याचा थरथराट हाताला कळत होता, मग एकदम हलकं.

टोक घरी भिंगाखाली. तुटलेलं टोक डुकराच्या शेपटीसारखं वळलेलं असेल तर गाठ सुटली. गुळगुळीत असेल तर ताणानं गेलं. माझं टोक पांढरं, बोटभर खरवडलेलं. दात.

दादाचं म्हणणं: टिपेटच्या पुढं वीतभर जाड तुकडा लाव, ०.५० चा. दात त्याला लागतील. मासे मोजून विक्रम नोंदवणाऱ्यांच्या नियमात तो तुकडा १२ इंचांहून लांब चालत नाही, आणि त्याच्यामागचं टिपेट कमीत कमी १५ इंच हवं.

म्हणजे मग सगळ्यात कमजोर जागा टोकाला राहत नाही, मध्ये येते. दोन्हीकडे जाड. हे कागदावर काढून बघितलं.

नायलॉनऐवजी फ्लोरोकार्बन का नको, तेही विचारलं. त्याचा अपवर्तनांक १.४२, पाण्याचा १.३३, नायलॉनचा दीडच्या वर. म्हणून पाण्यात कमी दिसतं. घनता १.७८, बुडतं, नायलॉनची १.१४, पाण्याच्या वरच्या पापुद्र्यावर रेंगाळतं. पाणीही पीत नाही. आणि घासायला चिवट. पण महाग, आणि नायलॉनपेक्षाही जास्त वर्षं तसंच पडून राहतं. वंचक आठवला. नको म्हटलं.

४ डिसेंबर

तलाठी कार्यालय. सातबारा, २ हेक्टर ८३ आर, दोघांची नावं. वाटणीसाठी कलम ८५ खाली तहसीलदारांकडे अर्ज. सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या.

५ डिसेंबर

हिला सांगितलं. ती म्हणाली, विहीर कोणाकडे?

७ डिसेंबर

विहीर मधोमध नाही. साडेतीन-साडेतीन एकर केलं तर ती वरच्या तुकड्यात येते. बांधावर उभा राहून पावलांनी मोजलं. गडी काही विचारत नाही, पण बघतो.

८ डिसेंबर, रविवार

पाणी काचेसारखं. पाळीवरून तळातल्या शिंपा दिसतात. ०.२० ला काही येईना. ४ एक्स काढला, म्हणजे ०.१८, गळ बारा नंबर. गळाच्या नंबराला तीननं भागा, एक्स येतो. बारा भागिले तीन, चार. दादाचा हा हिशोब मला आधी थाप वाटला होता. त्याहून बारीक टिपेटला एवढा गळ फेकताना गुंडाळतो, जाड टिपेटला तो लाकडासारखा ताठ वागतो.

चिलापी. तळहाताएवढी, मग दुसरी. पाठीवरचे काटे खाली दाबून धरायची. गळ ओठाच्या कडेला, चिमट्यानं निघाला. काका म्हणतात, चिलापी सोडू नका, तलाव खाते. त्यांच्या पिशवीत.

फोन मी काठावर असतानाच. त्याला पाण्याचा आवाज हवा होता बहुतेक. मी म्हटलं, मुखत्यारपत्र नको. वाटणी करू. साडेतीन-साडेतीन. तुझं तू काय करायचं ते कर. विहीर तुझ्या तुकड्यात येते, पाणी दोघांचं लिहून घेऊ.

बराच वेळ काही नाही. मला वाटलं कटला.

‘‘किती एक्सवर आली?’’

‘‘चार.’’

‘‘तीनवर आली नसती?’’

‘‘आज नाही.’’

१० डिसेंबर

दुसऱ्या वेचणीला बाया मिळत नाहीत. भाव वाढवून दिला.

१३ डिसेंबर

दादाचं तिकीट. नागपूरला २२ तारखेला, पंधरा दिवस.

ताईला फोन केला. ती रडली, मग म्हणाली, त्याला म्हणावं थंडीचे कपडे नको आणू, सगळ्यांची घरं भरली आहेत.

१५ डिसेंबर, रविवार

दादा विचारतो, काय आणू.

लिहिलं: ३ एक्स आणि ४ एक्सची रिळं, ० एक्सचं एक. फ्लोरोकार्बन नको. पॅन कार्ड. बाबांच्या मृत्यूच्या दाखल्याची तुझ्याकडची प्रत. आधार.

उत्तर: आधार नाही. बाकी आहे. लीडरला टिपेट बांधूनच आणू का?

लिहिलं: सुटं आण. पाणी पाहून बांधू.

आधारचं उद्या तहसीलमध्ये विचारायचं.